शीर्षासन न येणारी बाई

शेजारच्या सोसायटीत सकाळच्या योगवर्गाला शिक्षक हवे होते, म्हणून मी फोन केला. कमिटीतल्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, शीर्षासनाचा व्हिडिओ आहे का? ग्रुपवर टाकायला बरा पडतो." म्हटलं, मी शीर्षासन करत नाही, मानेचे मणके झिजलेत. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बरं, कळवतो." या 'कळवतो'चा अर्थ एकसष्टाव्या वर्षी कुणी समजावून सांगावा लागत नाही.

वर्ग गेला त्याचं फार वाटलं नाही. पण शिक्षकाचं अंग किती वाकतं यावरून त्याची पारख करायची, ही रीत मला पटत नाही. गाणं शिकवणाऱ्याचा गळा ऐकून घ्यावा, हे ठीक. इथे उलटं आहे. ज्याचं अंग जन्मतःच वेतासारखं लवतं, त्याला समोरच्याचं का लवत नाही हे कळायलाच चार वर्षं जातात.

मी या वाटेला लागले ती एका लेजरमुळे. १९९८ साल, सहकारी बँकेतली नोकरी, आमच्या शाखेत संगणक यायचा होता. खालच्या फळीवरचं जाडजूड लेजर उचलायला वाकले आणि कंबरेत अशी कळ आली की तिथेच फरशीवर बसले. तीन आठवडे अंथरुणात काढले. उठल्यावर कुणीतरी एका गुरुजींचा पत्ता दिला. निवृत्त चित्रकला शिक्षक, दम्याचे जुने रोगी. दम्यानेच त्यांना प्राणायामापर्यंत आणून सोडलं होतं. एका श्वासात मावेल एवढंच वाक्य बोलायचे.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला एकच गोष्ट करायला लावली. सतरंजीवर उताणं पडायचं, पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या. बस. मी मनात चरफडत होते, यासाठी का मी सकाळी दोन बस बदलून येते? एकदा ते पायाशी उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचा उजवा अंगठा अजून कंबरेची काळजी करतोय." मान उचलून पाहिलं तर खरंच, सगळं अंग सैल आणि पायाचा एकटा अंगठा छताकडे ताठ. दोन-तीन दिवसांनी तो आपोआप बाहेर कलंडला आणि मी चक्क घोरायला लागले. आयुष्यभर माणसांचे पाय कागदावर काढलेल्या माणसालाच असला अंगठा दिसणार! आज मीही वर्गात आधी पायांचे अंगठे बघते.

दुखण्यातून या वाटेला लागणं काही माझं एकटीचं नाही. बी. के. एस. अय्यंगार कर्नाटकातल्या बेल्लूरला १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत जन्मले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, काही म्हणता काही चुकलं नाही. मेहुणे आणि योगगुरू कृष्णमाचार्य यांच्याकडे म्हैसूरला गेले तेव्हा हा मुलगा योगशिक्षक होईल असं कुणाला वाटलं नसावं. १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले तेव्हा मराठीही येत नव्हती. पुढे याच माणसाने खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे वर्गात आणले, ज्याचं अंग वळत नाही त्यालाही आसनात जाता यावं म्हणून. सोसायटीच्या कमिटीसमोर तो बेल्लूरचा मुलगा उभा राहिला असता, तर त्यालाही "कळवतो" हेच ऐकावं लागलं असतं.

मात्र आता आमच्याच लोकांना दोन शब्द. स्वतःच्या दुखण्याची कहाणी हल्ली जाहिरातीसारखी वापरली जाते. 'माझी शुगर गेली, तुमचीही जाईल.' दोनशे तासांचा कोर्स, भिंतीवर फ्रेम आणि वर ही कहाणी, की दुकान सुरू. इथे मला लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद आठवतात, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले, नर्मदाकाठी मालसरला माधवदास महाराजांकडे योग शिकले. पण गुरूने सांगितलं आणि मला गुण आला, एवढ्यावर ते थांबले नाहीत. बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली चालू असताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणाखाली पाहिलं. १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी हे प्रयोग छापायला 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं.

एवढं माहीत असूनही मी माती खाल्ली. आमच्या वर्गातल्या एका काकांची कंबर दुखायची. मला भुजंगासनाने आराम पडला होता, म्हणून त्यांनाही मोठ्या विश्वासाने तेच दिलं. आठवड्यात त्यांच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, दूध आणायला कोपऱ्यापर्यंत चालणं अवघड झालं. ऑर्थोपेडिककडे गेल्यावर कळलं, त्यांच्या मणक्याची पोकळी अरुंद झालेली. अशा माणसाला मागे वाकलं की त्रास वाढतो, पुढे वाकलं की बरं वाटतं. माझ्या कंबरेचं नेमकं उलट. मी एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं: काका, चालताना बसावंसं वाटतं का? वाटत होतं. मी विचारलंच नव्हतं. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा मी पास झालेय, तेही सांगून टाकते.

मी घरी जाऊन माफी मागितली. महिनाभराने ते परत आले. आता खुर्चीत बसून, मांडीवर दोन उशा घेऊन, पुढे झुकून निवांत पडतात. वर्गात कुणी नवीन आलं आणि मी काही सांगायला तोंड उघडलं, की उशीत तोंड खुपसूनच मोठ्याने विचारतात, "मॅडम, आज कंबर कुणाची? तुमची की त्यांची?"