बऱ्हाणपूरचा धडा

वाचकहो, विलीनीकरणासाठी आपण मोर्चे काढले, सभा गाजवल्या, घोषणांनी गावे दणाणून सोडली. शिष्टाई मात्र आपल्याला साधली नाही. शिष्टाई म्हणजे मिळमिळीतपणा आणि वाटाघाट म्हणजे शरणागती, अशी आपली समजूत! ही समजूत तपासायची तर तापीकाठच्या बऱ्हाणपूरला जाऊ या. रावेरच्या पलीकडचे हे शहर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिले. तिथल्या मराठी माणसाला आपली व्यथा समजावून सांगावी लागत नाही. पण आज आपल्याला हवा आहे तो त्या गावाचा जुना इतिहास.

नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरात आला. दख्खनची सुभेदारी तेव्हा जहांगीराचा मुलगा शहजादा परवीझ याच्याकडे होती. जमिनीला डोके टेकून मुजरा कर, असे दरबारात रो यास सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला. मी राजाचा वकील आहे, चाकर नव्हे, हे त्याचे उत्तर. मग त्याने बसायला आसन मागितले. ते मिळाले नाही, तेव्हा चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून तो उभा राहिला. पण रागावून परत गेला नाही! व्यापाराच्या वखारीची परवानगी पदरात पाडूनच तो पुढे अजमेरला गेला. मानाच्या प्रश्नावर ताठ आणि कामाच्या प्रश्नावर चिवट, याला म्हणतात मुत्सद्देगिरी.

याच रोने १६१६ साली आपल्या कंपनीला बजावले, की लढाई आणि व्यापार एकत्र नांदत नाहीत. दाखला कोणाचा दिला असेल? पोर्तुगीजांचा! किल्ले आणि शिबंदी पोसता पोसता त्यांचा नफा कसा आटला, ते पाहा, असे तो लिहितो. गोमंतकीयाला हा दाखला वेगळा समजावून सांगायला नको.

आता दोनशे वर्षे पुढे या. जून १८१८. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस असीरगडाच्या परिसरात दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाखांहून कमी नाही असा तनखा ठरला, तोही स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी. पण किती पिढ्या? ते कुठे लिहिले होते? १८५१ साली बाजीराव वारले आणि कंपनीने तनखा बंद केला. दत्तकपुत्र नानासाहेबांनी ‘कुटुंब’ या शब्दावर बोट ठेवले. कंपनीने तो शब्द बाजीरावांच्या हयातीपुरता मानला. संदिग्ध शब्दाचा अर्थ नेहमी बलवान ठरवतो, हा बऱ्हाणपूरच्या मुलखाचा दुसरा धडा.

हे आम्ही आज का उगाळतो? १६ जानेवारी १९६७ चा कौल आठवा. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे. पराभवाचे खापर आपण दिल्लीवर फोडले, पैशावर फोडले, आणि स्वतःला मात्र सोडून दिले. कोकणीचे काय होईल, आमच्या नोकऱ्यांचे काय, जमिनींचे काय, असे विचारणारा शेजारी आपला शत्रू नव्हता. त्याला भीती होती. भिणाऱ्याला घोषणा नको असते, त्याला अटी हव्या असतात. कलमवार, मुदतीसह, दुसऱ्याला अर्थ फिरवता येणार नाही अशा शब्दांत लिहिलेल्या. त्या घेऊन त्याच्या पायरीवर आपल्यापैकी किती जण गेले?

१९८७ मध्ये गोवा घटकराज्य झाले. वाट अधिक लांबली आहे, हे कबूल करू या. म्हणूनच आता दोन गोष्टी हव्यात. मराठीच्या मानाबाबत रो याच्यासारखा ताठ कणा हवा. तिथे तसूभरही वाकायचे नाही. आणि कोकणीच्या, ख्रिस्ती बांधवांच्या, भूमिपुत्रांच्या प्रश्नांवर आपला लेखी मसुदा हवा. तो आधी सासष्टीतल्या शेजाऱ्याला दाखवायचा, मग मुंबईला आणि शेवटी दिल्लीला.

कृष्णशिष्टाई फसली, हे खरे. पण युद्धापूर्वी ती केली म्हणूनच न्याय कोणाच्या बाजूला आहे ते जगाला कळले. आपण ती केलीच नाही. वाचकहो, सुरुवात तुमच्या वाड्यावरच्या शेजाऱ्यापासून करा.