फाशीचा दोर आणि माफीचा कागद

कुठे निर्घृण खून झाला, की चर्चा हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पारावर चालू असो वा पुण्याच्या एखाद्या कट्ट्यावर, ती एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : भरचौकात फाशी द्या! २०१६ साली कोपर्डीच्या घटनेनंतर मराठवाड्यातल्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले, तेव्हाही हीच मागणी होती. त्या संतापात खोटे काही नव्हते. परंतु फाशी दिली की प्रश्न संपतो का?

या प्रश्नाशी मराठी चित्रपट एकदा फार जवळ जाऊन भिडला होता. राजदत्त दिग्दर्शित ‘माफीचा साक्षीदार’ १९८६ साली आला. नाना पाटेकर त्यात प्रमुख भूमिकेत होते. कथेचा आधार होता पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जीव गेले. संस्कृतचे वयोवृद्ध पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्या घरात एकाच रात्री पाच जण मारले गेले. त्यांत नातवंडे होती आणि घरकाम करणारी बाईही होती. दिवेलागणीलाच पुणे दारांना कड्या घालू लागले. आणि मारेकरी निघाले कोण? चित्रकला शिकणारी, चारचौघांसारखी दिसणारी पोरे!

सप्टेंबर १९७८ मध्ये राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली. त्या दिवशी अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे?

परंतु चित्रपटाचे नाव पाहा. ते दोराचे नाही, माफीचे आहे. या टोळक्याचा एक सहाध्यायी पहिल्या खुनात सामील होता. तो माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. पुढच्या खुनांत तो नव्हता, हे खरे. पण पहिल्या खुनानंतर लगेच त्याने तोंड उघडले असते, तर पुढचे नऊ जीव कदाचित वाचले असते. कायद्याने त्याला क्षमा केली ती त्याला पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे, तर त्याच्या जबानीची गरज होती म्हणून! संपूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर अशी माफी देण्याची तरतूद कायद्यात जुनी आहे, आजही आहे. तिच्याविना कित्येक कट उघडकीला येणार नाहीत, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणूनच अडचण सुरू होते. रक्ताला रक्त हाच न्याय असेल, तर ही माफी कशात बसते? आणि सोयीसाठी माफी देता येत असेल, तर फाशी हे केवळ पापाचे माप उरत नाही. कोण आधी बोलला, पुरावा कुठे अपुरा पडला, दयेचा अर्ज किती वर्षे पडून राहिला, यांवरही माणसाचे मरण ठरते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील गावित बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जाला झालेली दिरंगाई. गुन्हा तोच होता. बदलले होते ते फक्त कॅलेंडर.

१९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ ही कसोटी घालून दिली. ती घालताना न्यायमूर्तींच्या मनात हीच धाकधूक असली पाहिजे. जन्मठेपेत झालेली चूक दुरुस्त करता येते. दोराची गाठ एकदा बसली, की नाही.

जक्कल टोळीबद्दल अश्रू ढाळा, असे कोणी म्हणत नाही. अश्रू त्या दहा जणांसाठीच राखून ठेवावेत. पण पारावर पुढच्या वेळी ‘लटकवा’ हा शब्द उठेल, तेव्हा त्याच खटल्यातून कायद्याचा हात धरून घरी गेलेला तो पाचवाही क्षणभर आठवावा. न्यायाची गोष्ट चौघांच्या दोरापाशी पुरी होत नाही.