अंत्युखियाची पंगत: वाद मोक्षाचा नव्हता, ताटाचा होता

ख्रिस्ती धर्मात श्रद्धा ठेवली की झालं, तिथे कर्माला किंमत नाही, असं वाक्य आपल्या अभ्यासवर्गांत सर्रास फेकलं जातं. फेकणाऱ्याने बहुतेक वेळा बायबल उघडलेलंही नसतं. बाबासाहेब दुसऱ्या धर्मावर बोलण्याआधी त्याचे ग्रंथ वाचत. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर वाचतो. म्हणून मित्रांनो, आज हा वाद मुळातून पाहू. श्रद्धेने तारण होतं की सत्कर्माने, हा प्रश्न पहिल्यांदा पेटला तो जेवणाच्या पंगतीत. आणि पंगत म्हटलं की विषय आपला आहे.

स्थळ अंत्युखिया, रोमन साम्राज्यातलं सिरियाचं मोठं शहर. काळ इ. स. 49 च्या आसपासचा. येशूचे यहुदी अनुयायी आणि यहुदी नसलेले अनुयायी तिथे एकत्र जेवत. मराठी बायबल या बाहेरच्यांना 'परराष्ट्रीय' म्हणतं. येशूचा पट्टशिष्य पेत्र हाही त्यांच्या पंगतीला बसत होता. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसं आली. याकोब म्हणजे येशूचा भाऊ आणि यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी. पाहुणे आले आणि पेत्र त्यांच्या भीतीने हळूच बाजूला झाला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी उठले. पौलाचा जवळचा साथीदार बर्णबा, तोही उठला.

पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत धारेवर धरलं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याने स्वतः हे नोंदवलं आहे. आणि हा प्रसंग सांगून झाल्याबरोबर तो आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडतो: माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने, नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे. हा क्रम नीट पाहा. आधी ताट, मग तत्त्वज्ञान.

इथे 'कर्म' म्हणजे भुकेल्याला अन्न देणं नव्हे. वाद होता सुंतेचा, खाण्यापिण्याच्या निर्बंधांचा. परराष्ट्रीयांना देवाच्या लोकांत यायचं असेल तर त्यांनी आधी यहुदी व्हायचं का? पौल म्हणाला, नाही. यरुशलेमच्या बैठकीतही सुंता लादायची नाही असंच ठरलं, आणि 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाप्रमाणे तो निवाडा खुद्द याकोबाने मांडला. पुढे युरोपने या सगळ्याचा अर्थ 'माझ्या एकट्याच्या आत्म्याचं काय होणार' असा लावला. क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश अभ्यासकाने 1963 साली हे चुकीचं वाचन दाखवून दिलं. पौलाचा प्रश्न होता, बाहेर ठेवलेल्यांना आत कसं घ्यायचं.

आता एक इशारा. हे वाचून लगेच सुंतेला जानवं आणि यहुद्यांना ब्राह्मण म्हणू नका. यहुदी हे स्वतः रोमचे गुलाम प्रजाजन होते. त्याआधी अंत्युख चौथा या ग्रीक राजाने सुंतेवर बंदी घातली आणि ती पाळणाऱ्यांना ठार मारलं. सुंता ही त्या समाजाच्या लेखी चिवटपणे टिकवलेली खूण होती. शिवाय परका माणूस सुंता करून यहुदी होऊ शकत होता. दार अरुंद होतं, पण दार होतं. जातीला दारच नाही. जातीत जन्मावं लागतं. हिंदू धर्म प्रसार करणारा धर्म का राहिला नाही, याचं हेच कारण बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दिलं आहे. तुलना करा, पण फरक गिळू नका.

आता याकोबाची बाजू ऐका. त्याच्या नावाचं एक पत्र बायबलात आहे आणि ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावं असं आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत आला की त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवता, मग तुमची श्रद्धा कसली, असं ते पत्र विचारतं. शेतमजुरांची मजुरी दाबून ठेवणाऱ्या धनिकांना ते शाप देतं. कर्मावाचून श्रद्धा मेलेली आहे, हा त्याचा निष्कर्ष. मग पौल आणि याकोब एकमेकांचे शत्रू का? गलतीकरांच्या पत्रातच पौल सांगतो, यरुशलेमच्या पुढाऱ्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, गरिबांची आठवण ठेव. आणि करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्यांना झाडलं. दोघांची कसोटी एकच: तुमच्या पंगतीत शेवटचा माणूस कुठे बसतो?

पौलाचं सगळंच गोड मानायचं कारण नाही. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात नाही असं म्हणणाऱ्या याच पौलाने अनेसिम नावाच्या दासाला मालकाकडे परत पाठवलं. भावासारखं वागव असं लिहिलं, पण गुलामगिरी मोडा असं लिहिलं नाही.

ही कसोटी सुटली की काय होतं ते जर्मनीत दिसलं. मार्टिन ल्यूथरने रोमच्या पोपशाहीला हादरवलं, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण रोमकरांच्या पत्राचं भाषांतर करताना त्याने 'श्रद्धा' या शब्दाजवळ 'केवळ' हा शब्द स्वतःचा घातला आणि याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीची किंमत दिली. 1525 साली जर्मन शेतकरी उठले. ख्रिस्ताने सगळ्यांना सोडवलं असेल तर आम्ही वेठबिगार का, असं त्यांनी आपल्या 12 मागण्यांत विचारलं. ल्यूथरचं उत्तर होतं, ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचं आहे, देहाचं नाही. बंड पसरल्यावर त्याने सरदारांना शेतकऱ्यांची कत्तल करायला सांगितलं. हजारो मारले गेले. मोक्ष वर ढकलला की वेठबिगारी खाली सुखाने नांदते.

कॅथलिक चर्चने 1547 साली ट्रेंटच्या परिषदेत 'केवळ श्रद्धा' हे मत धिक्कारलं. तब्बल साडेचार शतकांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, लुथरन आणि कॅथलिक चर्चनी आउग्सबुर्ग इथे तारणाबद्दल सहमतीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. स्वर्गाचा प्रश्न मिटला. पण प्रभुभोजनाचं ताट अधिकृतपणे आजही एक झालेलं नाही. अंत्युखियाचा प्रश्न तिथेच उभा आहे.

भारतात तर पेत्राच्या उठून जाण्याला धर्माची मान्यताच मिळाली. मदुरेत दि नोबिली या पाद्र्याने संन्याशाचा वेष घेतला, उच्च जातींना धर्मात आणण्यासाठी खालच्या जातींच्या ख्रिस्ती लोकांपासून अंतर राखलं. 1623 साली पोपने धर्मांतरित ब्राह्मणांना जानवं आणि शेंडी ठेवायची परवानगी दिली. तमिळ प्रदेशातल्या चर्चमध्ये दलितांची बसायची जागा वेगळी, दफनभूमी वेगळी. बाबासाहेबांनी यावर कठोर लिहिलं. त्यांचा आक्षेप खोल होता: तुझ्या अधःपाताचं मूळ आदामाच्या पापात आहे असं अस्पृश्याला सांगितलं, की समाजाशी लढायची त्याची ऊर्मीच विझते.

आणि आपण? बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, हे आपण भाषणात म्हणतो. मार्ग दाखवणारा चालत नाही, चालावं आपल्याला लागतं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यांत नाकारायच्या गोष्टी आहेत, तशा करायच्या गोष्टीही आहेत. आपल्यातले किती जण 'केवळ श्रद्धा'वाले झालेत ते मोजा. गाडीवर निळा झेंडा, भिंतीवर तसबीर, चैत्यभूमीचा सेल्फी आणि लग्न मात्र पोटजात विचारून. मातंग, चर्मकार, वाल्मीकी मित्राच्या घरी शेवटचं कधी जेवलो? आपल्या मुलीने त्या घरात सोयरीक जुळवली तर आपण पानावर बसून राहू, की यरुशलेमचे पाहुणे आले म्हणून उठू?

पेत्र वाईट माणूस नव्हता. तो आपल्या माणसांना घाबरला, इतकंच. चळवळी शत्रूमुळे जितक्या मरतात, त्याहून जास्त अशा पानावरून उठणाऱ्यांमुळे मरतात. अशा वेळी पौलासारखं तोंडावर बोलणारं कुणीतरी लागतं. पुढच्या वेळी तुमच्यासमोर कुणी पानावरून उठलं, तर त्याला हात धरून खाली बसवा. आणि उठणारे आपण असू, तर कुणीतरी आपल्याला बसवावं.

जय भीम!