प्रयोग आणि कर्ता : जीववैज्ञानिकांच्या शिक्षणातील एक उणीव

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण आढळला आणि पुढील काही वर्षे हे शहर प्लेगविषयक संशोधनाचे एक प्रमुख केंद्र बनले. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून प्लेगचा प्रसार उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे होतो, असे दाखवून दिले. त्यावर प्रारंभी फारसा विश्वास ठेवला गेला नाही. परंतु १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने पद्धतशीर प्रयोग केले व हा निष्कर्ष पक्का झाला. रोग कसा पसरतो हे कळल्यामुळे तो कसा रोखावा हेही कळले.

सुमारे पस्तीस वर्षांनंतर, ऑक्टोबर १९४० मध्ये, चीनमधील निंगबो शहरावर जपानी लष्कराच्या विमानातून धान्याबरोबर प्लेगग्रस्त पिसवा टाकण्यात आल्या. शहरात प्लेग पसरला आणि सामान्य नागरिक मृत्युमुखी पडले. हे काम ज्या ७३१ क्रमांकाच्या पथकाने केले, त्याचे प्रमुख शिरो इशिई हे क्योटो विद्यापीठात शिकलेले डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली अनेक प्रशिक्षित डॉक्टर व वैज्ञानिक काम करीत होते. पिसू, उंदीर आणि माणूस यांच्या संबंधाचे ज्ञान परळमध्ये जे होते तेच निंगबोत होते. फरक होता तो ते वापरणाऱ्यांच्या हेतूत.

एकाच ज्ञानातून हितही साधावे आणि घोर अहितही व्हावे, अशा संशोधनाला आज ‘दुहेरी उपयोगाचे संशोधन’ म्हटले जाते. हा शब्दप्रयोग मुळात नागरी व लष्करी अशा दोन उपयोगांसाठी रूढ झाला. जीवविज्ञानात मात्र त्याचा रोख हितकारक आणि विघातक या दोन शक्यतांकडे असतो. अशा संशोधनाविषयी जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना काय शिकवावे, कसे शिकवावे आणि कोणत्या भाषेत शिकवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, याचे उत्तर पुढे ओघाने येईल.

यासाठी कायदे आहेत, मग शिक्षण कशाला, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने युद्धात जैविक साधनांच्या वापरास मनाई केली. १९७२ मध्ये स्वाक्षरीसाठी खुला झालेला आणि १९७५ मध्ये अमलात आलेला जैविक शस्त्रबंदी करार त्याच्या पुढे गेला. त्याने अशी शस्त्रे विकसित करणे, तयार करणे व साठवणे यांवरही बंदी घातली. भारत या कराराचा सदस्य आहे आणि २००५ मध्ये आपल्या संसदेने महासंहारक शस्त्रांसंबंधीचा कायदाही केला आहे. परंतु १९७२ च्या कराराची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. त्यात निषिद्ध जंतूंची यादी दिलेली नाही. प्रतिबंधक, संरक्षक किंवा अन्य शांततामय हेतूने ज्यांचे समर्थन करता येत नाही, असे जैविक घटक व त्यांचे असे प्रमाण निषिद्ध मानले आहे. याचा अर्थ असा, की कायद्याची कसोटी वस्तूत नसून हेतूत आहे. शिवाय या कराराच्या पालनाची प्रत्यक्ष पडताळणी करणारी यंत्रणा अद्याप उभी राहिलेली नाही. त्यासाठीच्या वाटाघाटी २००१ मध्ये फिसकटल्या. जेथे यादी नाही आणि तपासनीसही नाही, तेथे अखेर प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या माणसाच्या विवेकावरच भिस्त ठेवावी लागते. हा विवेक शिक्षणातूनच घडू शकतो.

दुष्ट हेतू नसतानाही प्रश्न उभा राहतो, हे अलीकडच्या दोन उदाहरणांवरून दिसते. ऑस्ट्रेलियात शेतीचे अतोनात नुकसान करणाऱ्या उंदरांची पैदास आटोक्यात आणण्यासाठी कॅनबेरा येथील संशोधक उंदरांमधील देवीच्या विषाणूवर काम करीत होते. त्यांना उंदरांना वंध्यत्व आणायचे होते. विषाणूत प्रतिकारशक्तीशी संबंधित एक जनुक घातल्यावर तो अनपेक्षितपणे अतिशय घातक बनला. लस टोचलेले अनेक उंदीरही त्याने मारले. हे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत की नाही, यावर विचारविनिमय झाला आणि २००१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये नेदरलँड्समधील रॉन फुशिए आणि अमेरिकेतील योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी पक्ष्यांमधील फ्लूचा विषाणू सस्तन प्राण्यांमध्ये हवेवाटे पसरू शकतो का, याचा स्वतंत्रपणे शोध घेतला. संभाव्य महासाथीची पूर्वसूचना मिळावी, हा त्यामागील हेतू होता. त्यांचे लेख नियतकालिकांकडे गेल्यावर अमेरिकेच्या सल्लागार मंडळाने त्यांतील तपशील वगळण्याची शिफारस केली. या क्षेत्रातील संशोधकांनी जानेवारी २०१२ मध्ये असे प्रयोग स्वेच्छेने थांबवले व ही स्थगिती सुमारे वर्षभर टिकली. दरम्यान, सुधारित स्वरूपात दोन्ही लेख २०१२ मध्येच प्रकाशित झाले.

या लेखांच्या प्रकाशनाच्या बाजूने आणि विरोधात गंभीर माणसांनी गंभीर युक्तिवाद केले आहेत. साथींचा सामना करावयाचा तर ज्ञान खुले असले पाहिजे, ही बाजू मला अधिक सबळ वाटते. परंतु मला खटकते ती त्या प्रश्नाची वेळ. दोन्ही प्रकरणांत जाहीर चर्चा उभी राहिली ती प्रयोग पूर्ण झाल्यावर, प्रकाशनाच्या उंबरठ्यावर. तोपर्यंत विषाणू तयार झालेला होता. ‘यातून आणखी काय होऊ शकेल?’ हा प्रश्न प्रयोगाच्या आराखड्यातच असावयास हवा. तो तेथे यावा अशी सवय लावणे, हेच या शिक्षणाचे मुख्य कार्य आहे.

प्रत्यक्षात काय शिकवले जाते? ब्रिटनमधील माल्कम डँडो आणि ब्रायन रॅपर्ट या अभ्यासकांनी अनेक देशांत जीववैज्ञानिकांबरोबर चर्चासत्रे घेतली. जैविक शस्त्रबंदीच्या कराराचा आपल्या कामाशी काही संबंध आहे, याची जाणीव सहभागी वैज्ञानिकांमध्ये एकंदरीत फारच थोडी असल्याचे त्यांना दिसले. आपल्याकडे जनुकीय संशोधन करणाऱ्या संस्थांना १९८९ च्या नियमांनुसार जैवसुरक्षा समिती नेमावी लागते, हे योग्यच आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधन व प्रकाशन यांच्या नीतिमत्तेचा ३० तासांचा, दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला आहे, हेही स्वागतार्ह आहे. परंतु पहिल्याचा भर प्रयोगशाळेतील अपघात व पर्यावरणाची हानी टाळण्यावर, तर दुसऱ्याचा वाङ्मयचौर्य व बनावट निष्कर्ष टाळण्यावर आहे. प्रयोग प्रामाणिक आहे, सुरक्षित आहे, तरीही त्याचे फलित घातक ठरू शकते, ही तिसरी शक्यता या दोन्हींच्या मधल्या फटीतून निसटते.

येथे भाषेचा प्रश्न येतो. इंग्रजीत बायोसेफ्टी आणि बायोसिक्युरिटी अशा दोन संज्ञा आहेत. पहिलीत जंतूंपासून माणसांचे रक्षण अभिप्रेत आहे, तर दुसरीत दुष्ट हेतू असलेल्या माणसांच्या हाती जंतू पडू न देण्याची दक्षता. मराठीत दोहोंसाठी सर्रास ‘जैवसुरक्षा’ हा एकच शब्द वापरला जातो. स्पॅनिश आणि जर्मन भाषांतही सुरक्षेच्या या दोन छटांसाठी मूळ शब्द एकच आहे. तेव्हा ही काही केवळ मराठीची उणीव नाही. परंतु एकाच शब्दाने दोन कल्पना झाकल्या, की हातमोजे घातले, मुखपट्टी बांधली म्हणजे सुरक्षेचा विषय संपला, असा समज सहज होतो. पहिल्या कल्पनेसाठी ‘जैवसुरक्षितता’ आणि दुसरीसाठी ‘जैवसंरक्षण’ असा भेद पाठ्यपुस्तकांनी कटाक्षाने पाळावा, असे मी सुचवतो. याहून चांगले शब्द कोणी सुचवले तर तेही चालतील. भेद मात्र टिकला पाहिजे.

दुसरी गोष्ट वैज्ञानिक लेखनाच्या वाक्यरचनेची. ‘विषाणूत बदल करण्यात आला’, ‘मृत्युदर वाढल्याचे आढळून आले’, अशी वाक्ये आपण वाचतो. मराठी व्याकरणात कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या परस्परसंबंधालाही ‘प्रयोग’ म्हणतात, आणि या वाक्यांतील प्रयोगात कर्त्याला जागाच नाही. त्याचे एक रास्त कारण आहे : कोणी केले यावर निष्कर्ष अवलंबून नसावा, इतर कोणी केले तरी तेच यावे, ही विज्ञानाची अट आहे. परंतु हीच भाषा वर्षानुवर्षे लिहिता-वाचताना ‘हे मी केले, मी करायचे ठरवले’ हे भान क्षीण होत जाते. निंगबोविषयी लिहिताना मीही वर ‘टाकण्यात आल्या’ असेच वाक्य लिहिले आहे. ते पुन्हा वाचावे. विमान दिसते, धान्य दिसते, पिसवा दिसतात. त्या टाकणारे हात दिसत नाहीत. निष्कर्षाच्या वाक्यातून कर्ता वगळणे क्षम्य आहे. निर्णयाच्या वाक्यातून त्याला वगळता येत नाही. विद्यार्थ्याने प्रकल्पाचा आराखडा लिहिताना निदान एक परिच्छेद प्रथमपुरुषी, कर्तरी प्रयोगात लिहावा : हा प्रयोग मी का करीत आहे, त्याचा लाभ कोणाला होईल, त्यातून कोणाला अपाय होऊ शकेल आणि तसे दिसू लागल्यास मी कोणाला सांगेन.

‘जबाबदारी’ या शब्दातही हीच अपेक्षा दडलेली आहे. जबाब देण्यास जो बांधलेला, तो जबाबदार. संस्कृतवळणाच्या ‘उत्तरदायित्व’ या शब्दाची घडणही तशीच आहे. परंतु प्रश्न ऐकण्याची सवय असल्याखेरीज उत्तर देण्याची सवय लागत नाही. म्हणूनच सामाजिक जबाबदारीचे एक स्वतंत्र व्याख्यान ठेवून, शेवटी आचारसंहितेवर सही घेऊन हा विषय संपवणे मला निरर्थक वाटते. आचारसंहिता निरुपयोगी आहेत, असे नाही. २०२१ मध्ये तयार झालेली तिआंजिन मार्गदर्शक तत्त्वे मोजकी व सुबोध आहेत आणि त्यांतही शिक्षणाला स्थान आहे. मात्र तत्त्वांची यादी पाठ केल्याने विवेक येत नाही. तो उदाहरणांवर वाद घालूनच येतो. पिसूचे जीवनचक्र शिकवताना परळ आणि निंगबो दोन्ही सांगावेत. जनुकांची जुळणी शिकवताना कॅनबेराचे उदाहरण वर्गापुढे ठेवावे, एका गटाने संशोधकाची, दुसऱ्याने संपादकाची, तिसऱ्याने आरोग्य अधिकाऱ्याची भूमिका घेऊन वाद करावा. आणि तो आपल्या भाषेत करावा. विषय इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थीही नैतिक पेच मात्र बहुधा मायबोलीतच मांडतो.

यावर दोन आक्षेप येतील. तालुक्याच्या महाविद्यालयात असले संशोधन होतेच कुठे, हा पहिला. परंतु तेथून पदवी घेतलेले विद्यार्थी पुढे लसनिर्मितीच्या कारखान्यांत, रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणी जातात. तेथे रुजू होताना तंत्र नव्याने शिकवले जाते. प्रश्न विचारण्याची वृत्ती त्यांनी बरोबर न्यावी लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशा चर्चेने तरुण मनात भीती बसेल आणि उपयुक्त संशोधनही मागे पडेल. ही शक्यता मी नाकारीत नाही. शिक्षकाने केवळ भयकथा सांगितल्या तर तसे होईलही. म्हणूनच हाफकिन आणि इशिई यांची नावे एकाच तासाला घेतली गेली पाहिजेत. ज्ञान थांबवावे असा धडा त्यातून निघत नाही. प्लेग कसा पसरतो हा निष्कर्ष परळच्या संशोधनामुळेच पक्का झाला.

आपण मराठीचे विद्यार्थी आहात, जीववैज्ञानिक नव्हे. तरीही हा विषय आपल्यापुढे मुद्दाम ठेवला आहे. आपल्यापैकी काही जण शाळेत शिकवतात, काही वृत्तपत्रांत लिहितात, काही उद्या विज्ञानाची पुस्तके मराठीत आणतील. समाजाने वैज्ञानिकाला प्रश्न विचारावा असे वाटत असेल, तर त्या प्रश्नासाठी लागणारे शब्द समाजाकडे असले पाहिजेत आणि ते घडवण्याचे काम आपले आहे. या आठवड्यात वृत्तपत्रातील विज्ञानविषयक एखादी बातमी घ्यावी, तिच्यातील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावा आणि जेथे तो सापडत नाही ते वाक्य कर्त्यासह पुन्हा लिहून पाहावे. तो कर्ता कोण हे बातमीवरून ठरवता आले नाही, तर संपादकांना पत्र लिहून विचारावे.