तळव्याखालची पट्टी

पावसाळा सरत आला की आमच्या पहाटेच्या ग्रुपमध्ये मुंबई मॅरेथॉनचे वारे वाहू लागते, आणि गुडघ्यांच्या गप्पा मागे पडून बुटांच्या सुरू होतात. यंदा सगळ्यांना एकच विचारायचे आहे: रोजच्या सरावाला प्लेटवाले, म्हणजे तळाच्या फोममध्ये कडक पट्टी बसवलेले, शूज घ्यावेत का? विचारणाऱ्याने शूज बहुधा आधीच पसंत केलेले असतात. हवा असतो तो दुजोरा.

या प्लेटचा दबदबा सुरू झाला २०१७ मध्ये, नायकेच्या व्हेपरफ्लायपासून. कोलोरॅडो विद्यापीठातल्या चाचणीत या शूजमुळे पळण्याचा ऊर्जाखर्च सरासरी ४ टक्क्यांनी कमी झाला. २०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत ४२ किलोमीटर पळाला, आणि सगळे श्रेय त्याच्या नायके शूजमधल्या कार्बनच्या पट्टीला गेले. तिच्या शेजारचा फोम बिचारा कुणाच्या लक्षातच आला नाही. त्या पहिल्या चाचणीतल्याच हूगकामर या संशोधकाने पुढे एका सहकाऱ्याबरोबर व्हेपरफ्लायची प्लेट सहा ठिकाणी चिरली आणि धावपटूंना पुन्हा पळवले. ऊर्जेच्या हिशेबात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही! खरे काम मुख्यतः त्या हलक्या, उसळत्या पेबा फोमचे होते. इतका मऊ, जाड थर पायाखाली डगमगू नये आणि चवडा फार वाकू नये, यासाठी प्लेट उपयोगी पडते. बाकी तिचा बोलबाला जास्त.

आता आपला वेग पाहू. किलोमीटरला ६ मिनिटे, म्हणजे ताशी १० किलोमीटर. अशा वेगाला कार्बनवाल्या शूजचा फायदा एका अभ्यासात सरासरी जेमतेम १ टक्का निघाला, काहींचा तर खर्च उलट वाढला. त्या १ टक्क्यासाठी वीस हजारांच्या घरातला, अरुंद टाचेचा बूट घालून पेव्हर ब्लॉकवर रोज घोटा पणाला लावणे मला पटत नाही. २०२३ मध्ये काही क्रीडावैद्यकांनी कार्बन प्लेटचे शूज वापरणाऱ्या पाच खेळाडूंच्या पायातल्या नॅव्हिक्युलर हाडाला झालेल्या ताणजन्य दुखापती नोंदवल्या. पाच जणांवरून नियम निघत नाही, पण रोज घालण्याआधी थांबायला तेवढे पुरे.

तरी प्लेट हवीच असेल तर नायलॉनची घ्या. सॉकनीच्या एन्डॉर्फिन स्पीडमध्ये ती असते. कार्बनपेक्षा लवचिक, त्यामुळे हळू पळतानाही पाय अडखळत नाही. आदिदासच्या बोस्टनमध्ये अखंड प्लेटऐवजी काचतंतूच्या कांड्या असतात, तोही त्याच जातीचा बूट. पण असा बूटही माझ्या मते आठवड्यातल्या टेम्पो किंवा इंटरव्हलच्या दिवसाचा, फार तर लाँग रनच्या शेवटच्या वेगवान टप्प्याचा. इझी रनला बिनप्लेटचा साधा, जाड बूट. तळव्याच्या आणि पोटरीच्या स्नायूंनाही स्वतःचे काम करू द्यावे की!

दुकानात गेल्यावर आधी बूट उलटा करा. तळाला रबर किती आहे आणि कुठे नुसता फोम उघडा पडलाय, ते पाहा. ओल्या डांबरावर, विशेषतः पेडर रोडसारख्या उतारावर, पकड रबरावर ठरते. मग मागून टाचेची रुंदी पाहा. शेवटी घालून पळा, आणि तेही मुद्दाम हळू. जोरात पळताना प्लेटवाला कुठलाही बूट झकासच वाटतो. आपल्या रोजच्या रटाळ पेसला तो पायाशी भांडतो का, हे कळायला हवे. दोन फेऱ्या बाहेर फुटपाथवर मारू द्यायला दुकानदार कुरकुरला, तर सरळ दुसरे दुकान गाठा.