"शेवटी टाके बंद करावेत"

गेल्या नोव्हेंबरात आई मॅडिसनला आली ती मेतकूट, भाजणी आणि नातीसाठी विणलेला एक गुलाबी स्वेटर घेऊन. (लोणचं विमानतळावर सुटलं की नाही, तो वेगळा विषय आहे.) स्वेटर देखणा होता. पुढच्या बाजूला दोन जाड वेण्या, बाह्यांना बारीक जाळी. साताऱ्यात बसून दीड महिना विणला होता. आणि तो माझ्या लेकीच्या डोक्यातून खाली उतरेना! कपाळापर्यंत यायचा आणि अडायचा. लेक रडायला लागली. आई म्हणाली, "डोकं बापावर गेलंय पोरीचं." मग जरा वेळानं म्हणाली, "लोकरच चांगली नव्हती यंदा."

दोष डोक्याचा नव्हता आणि लोकरीचाही नव्हता. गळ्याची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी होती. ती भरपूर ताणली जाते. पण पट्टी संपल्यावर जे टाके बंद केले होते, ती शेवटची साखळी काही केल्या ताणेना. विणकामात धागा नागमोडी वळणं घेत जातो आणि ताणलं की ती वळणं सरळ होतात, म्हणून कापड वाढतं. टाके बंद करताना मात्र एक टाका दुसऱ्यावरून ओढून घेतला जातो आणि तिथे वळणात शिल्लकच उरत नाही. खाली रबरासारखी पट्टी आणि तिच्या तोंडाला सुतळी बांधलेली, अशी अवस्था.

मी विणत नाही. म्हणजे तेव्हा विणत नव्हतो. पण कडा हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. मी कार्बन फायबरच्या थरांवर काम करतो. वेगवेगळ्या दिशांना धागे असलेले थर एकावर एक चिकटवले की मधल्या भागात सगळं सुरळीत असतं, आणि भानगड होते ती कडेला. प्रत्येक थराला आपापल्या परीनं आकुंचन-प्रसरण पावायचं असतं. मध्ये शेजारी त्याला धरून ठेवतात, कडेला धरायला कुणी नसतं, म्हणून तिथे थर सुटायला लागतात. १९७० साली पाइप्स आणि पगानो या दोघांनी याचं गणित मांडलं, आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षी ते माझ्या डोक्यावर आदळलं. तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी तिची कड बघतो. बायकोला याचा कंटाळा आलेला आहे.

विणलेल्या कापडाचंही तसंच. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं साधं विणलं की बाजूच्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे वळते. ज्यांनी शाळेत मफलर विणायला घेऊन त्याची सुरळी करून ठेवली आहे, त्यांना हे सांगायला नको. टाक्याची पुढची बाजू आणि मागची बाजू सारखी नसते, म्हणून प्रत्येक टाका जात्याच वाकलेला असतो. मध्ये शेजारचे टाके त्याला दाबून धरतात, कडेला तो मोकळा सुटतो. सुलट आणि उलट टाके शेजारी शेजारी घातले की दोघांची ओढ एकमेकांना मारते आणि कापड सपाट पडतं. म्हणून तर स्वेटरला बॉर्डर असते! मी इतकी वर्षं समजत होतो, ती शोभेसाठी असते. जॉर्जिया टेकमधल्या भौतिकशास्त्रज्ञ एलिझाबेटा मात्सुमोतो यांच्या गटानं २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये दाखवलं, की धागा तोच ठेवून नुसती सुलट-उलट टाक्यांची मांडणी बदलली तरी कापडाचा ताठपणा आणि ताण केवढा बदलतो. मी तो लेख आईला मराठीत समजावून सांगितला. ती म्हणाली, "मग? एवढ्यासाठी अमेरिकेला यावं लागतं?"

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावर मासिकांचे विणकाम विशेषांक यायचे. आईनं त्यातली पानं कापून एका फाइलमध्ये लावून ठेवली आहेत. त्यांत वेणी कशी घालायची याला अर्धं पान असतं, नक्षीला चौकटींचा तक्ता असतो. आणि सगळ्यात शेवटी, कधी कधी पुढच्या पानावर, चार शब्द: "शेवटी टाके बंद करावेत." बस! कसे? किती सैल? कुठल्या सुईनं? ते तुम्हाला यायलाच हवं, असं गृहीत धरलेलं. गळ्याशी टाके किती उचलायचे तेही नाही. "गळ्याचे टाके उचलून बॉर्डर विणावी."

मॅडिसनमध्ये लोकरीचं एक दुकान आहे. गुरुवारी संध्याकाळी तिथे दहाबारा बाया (आणि एक निवृत्त बसचालक) गोल बसून विणतात. आईला थंडीत घरात कोंडून घातल्यासारखं झालं होतं, म्हणून मी तिला तिथे घेऊन गेलो, आणि दुभाष्या म्हणून बसलो. पहिला गोंधळ सुयांचा झाला. आईनं दहा नंबरच्या सुया मागितल्या आणि मालकीणबाईंनी सहा मिलिमीटरचे दोन सोटे आणून दिले. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेत नेमकं उलट.

मग स्वेटर बाहेर निघाला. मला वाटलं, आता गळ्यावरून बोलणी बसणार. पण मालकीणबाईंनी आधी तो उलटा केला. वेण्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आतल्या शिवणी बघितल्या, धाग्यांची टोकं शोधली, सापडेनात, चष्मा लावून पुन्हा शोधली. मग विचारलं, टोकं गेली कुठे? आईनं करून दाखवलं: टोकाचा पीळ सोडायचा, त्याचे दोन भाग करायचे, एक भाग डावीकडे ओवायचा आणि एक उजवीकडे. जाडी होत नाही आणि सुटतही नाही. आणि बाजूची कड इतकी सरळ कशी? "ओळीचा पहिला टाका विणायचा नाही, नुसता उचलून घ्यायचा. हे कुणाला येत नाही?" मी शेवटचं वाक्य भाषांतरातून गाळलं.

हे सगळं तिथल्या पुस्तकांतही आहे. फरक एवढाच, की तिथे प्रत्येक गोष्टीला नाव आहे. टाके बंद करायच्या डझनभर पद्धती आणि प्रत्येकीचं बारसं झालेलं! मोज्याच्या टोकाचे टाके सुईनं बेमालूम जोडायच्या पद्धतीला किचनर स्टिच म्हणतात. किचनर म्हणजे तोच, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती, ज्याच्याशी भांडून कर्झननं १९०५ साली राजीनामा दिला. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मोज्यांची शिवण पायाला टोचू नये म्हणून त्यानं ही पद्धत पुढे आणली, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी कोण जाणे. पण नावामुळे पद्धत टिकली.

आणि एलिझाबेथ झिमरमन. १९१० साली इंग्लंडमध्ये जन्मलेली ही बाई १९३७ साली जर्मन नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली आणि पुढे आमच्याच विस्कॉन्सिनमध्ये राहिली. तिनं एका मासिकाला गोल विणायच्या स्वेटरचा नमुना पाठवला, तर संपादकांनी तो सपाट तुकड्यांत विणायचा करून छापला. बाई वैतागली आणि १९५८ पासून स्वतःचं वार्तापत्र काढायला लागली. १९७१ साली 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक आलं. टाके सुईदोऱ्यानं शिवून बंद करायची एक लवचीक पद्धत त्यात आहे. कडेला लावायच्या नळीसारख्या विणलेल्या दोरीला तिनं 'आय-कॉर्ड' असं नाव दिलं, आय म्हणजे इडियट! आपण काही नवीन शोधलं असं म्हणायला ती तयार नसायची. कुठेतरी कुणीतरी आधी हे केलंच असणार, असं तिचं म्हणणं, म्हणून तिनं 'अनव्हेंट' असा शब्द काढला होता. पण लिहून मात्र ठेवलं.

माझं मत असं आहे, की आपल्या आया आणि मावश्या याच तोडीचं काम करत होत्या आणि आपण त्यांची फक्त नक्षी बघितली. अमेरिकन बाया हाताच्या जास्त कुशल आहेत असं मुळीच नाही. उलट अर्धवट टाकलेल्या स्वेटरांच्या पिशव्या जेवढ्या मी इथे पाहिल्या तेवढ्या साताऱ्यात जन्मात पाहिल्या नाहीत. कडा शिवायचा कंटाळा येतो म्हणून दुकानात पैसे देऊन ते काम करून घेणारे लोक आहेत! आईला ही चैन नव्हती. डिसेंबरात पोराला शाळेत घालायला स्वेटर हवा असायचा.

आणखी एक गोष्ट मला त्या गुरुवारी कळली. इथे खरी मेंढीची लोकर वापरतात. तिला विणून झाल्यावर पाण्यात भिजवून, टाचण्या लावून वाळवलं की वाकडी कडसुद्धा बरीच सरळ होते. आपल्याकडे 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक. ते भिजवून काही होत नाही, आणि इस्त्रीची वाफ जास्त लागली तर कायमचं लुळं पडतं. म्हणजे आईला नंतर सावरून घ्यायची सोयच नव्हती. कड सुईवर असतानाच बरोबर यायला हवी. ती तशी यायची, आणि ते आमच्या घरात कधी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

गळा कसा सुटला ते सांगायचं राहिलं. शेवटची साखळी उसवून टाके पुन्हा सुईवर घेतले. त्या निवृत्त बसचालकानं आईला २००९ साली आलेली एक पद्धत शिकवली, 'जेनीज सरप्रायझिंगली स्ट्रेची बाइंड-ऑफ': प्रत्येक टाक्याआधी धाग्याचा एक जादा वेढा घ्यायचा, तो टाक्यावरून काढायचा आणि मग नेहमीसारखं बंद करायचं. त्या वेढ्यामुळे साखळीत शिल्लक राहते. आईनं चार टाके बघितले, पुढचं स्वतः केलं. स्वेटर डोक्यातून सट्टकन उतरला. परत येताना गाडीत म्हणाली, "माझी आई लहान बाळांच्या टोपडय़ाला असंच काहीतरी करायची. मी शिकले नाही. म्हटलं, कशाला एवढा खटाटोप."

मला त्या वाक्याचा फार त्रास झाला. माझी आजी १९९८ साली गेली. तिच्या टोपड्यांची कड कशी होती हे सांगणारं आता कुणीही नाही.

म्हणून मी वही केली. आई एप्रिलमध्ये परत गेली तोवर तिच्याकडून कडांचे सात प्रकार लिहून घेतले, आकृत्या काढून. गळ्याचे टाके उचलताना ती चार ओळींमागे तीन टाके घेते. "तीन उचल, एक सोड." का, ते तिला माहीत नाही. मी मोजलं: तिच्या विणकामात इंचाला पाच टाके आणि सात ओळी बसतात, म्हणजे प्रमाण जवळपास तेवढंच. नावांचा प्रश्न होता. आईला नावं ठेवायची कल्पनाच हास्यास्पद वाटली, म्हणून मीच ठेवली: कमलमावशीची कड, शाळेची कड, बाळंतविड्याची कड.

आठवा प्रकार राहिला. तो तिला सांगून सांगता येत नाही, हातालाच येतो म्हणते. सध्या दर रविवारी फोनवर प्रयत्न चालू आहे.

"आई, फोन जरा खाली धरायला सांग बाबांना, सुया दिसत नाहीत."

"मग मी नाही दिसणार तुला."

"चालेल."

"चालेल काय? आधी जेवलास का ते सांग."