फाइली नव्हे, पानं मोजा

मंडळी, आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत आणि संस्थांत सध्या जुने कागद मोबाइलवर आणायची लाट आली आहे. चांगलंच आहे. पण एक गोष्ट खटकते. किती फाइली बदलून झाल्या ते सगळे सांगतात, किती पानं झाली ते कोणीच सांगत नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी इतिवृत्तं, जमाखर्चाच्या वह्या, वंशावळी स्कॅन करून घेतल्या, त्यांच्याकडच्या सीडींत बऱ्याचदा टिफ फाइली निघतात. हा 1986 सालचा प्रकार, आल्डस कंपनीने काढलेला. आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीचा, कारण चेक ट्रंकेशनमध्ये चेकच्या दोन्ही बाजूंची काळी-पांढरी प्रतिमा टिफमध्येच जाते. टिफची खुबी अशी की एकाच फाइलमध्ये शेकडो पानं राहतात, शिवलेल्या वहीसारखी. जेपेग म्हणजे सुटा कागद. एक फाइल, एक पान.

गोम इथेच आहे. एका जुन्या मंडळाच्या 31 वह्यांच्या 31 टिफ फाइली होत्या. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या म्हणून कधीच रद्दीत गेलेल्या. तिथल्या एका हुशार मुलाने पायथनची स्क्रिप्ट चालवली आणि 31 जेपेग काढून दिले. कुठे एरर नाही, काही नाही. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस! "आता जागा अडवणाऱ्या त्या टिफ उडवा," असंही कोणी लिहिलं. मी विचारलं, दोनशे पानांची वही एका चित्रात मावली कशी? उघडून पाहिलं तर 31 च्या 31 मुखपृष्ठं. मजकुराचं एकही पान नाही.

पोराला बोल लावून उपयोग नाही. पायथनमधली पिलो ही लायब्ररी फाइल उघडते ती पहिल्या पानावर, आणि पुढे जा असं सांगितल्याशिवाय तिथून हलत नाही. तेवढंच पान साठवते आणि गप्प बसते. माझा राग त्या गप्प बसण्यावर आहे. एरर आला तर माणूस निदान थांबतो तरी.

उपाय सोपा आहे. पिलोमध्ये ‘एन फ्रेम्स’ हा आकडा पानांची संख्या सांगतो. तेवढे फेरे घालून ‘सीक’ने एकेक पान उघडायचं आणि साठवायचं. इमेजमॅजिक वापरलं तर ते सगळी पानं आपणहून सुटी करतं. मात्र नमुन्यादाखल मिळणाऱ्या आज्ञांत फाइलच्या नावापुढे चौकटी कंसात शून्य असेल, तर तो काढा. शून्य म्हणजे फक्त पहिलं पान.

सुट्या पानांना इमेजमॅजिक 0, 1, 2 असे क्रमांक देतं. विंडोज ती नीट लावून दाखवतं, पण पुढची स्क्रिप्ट अक्षरक्रमाने लावते आणि 1 नंतर 10, 11, मग केव्हातरी 2 येतो. देवनागरी मजकूर असेल तर वाचताना कळेल तरी. मोडीतल्या वहीची पानं अशी पिसली गेली तर आपल्या घरात कोणाला कळणार आहे? म्हणून 001, 002 असे तीन आकडी क्रमांकच द्यायला लावा. खरं तर जेपेगचा हट्टच कशाला? पीडीएफ करा, वही वहीच राहील.

आणि मग टॅली. टिफमधली पानं एका रकान्यात, निघालेली पानं दुसऱ्यात, प्रत्येक वहीची वेगळी. अर्थात ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर असं नव्हे, हे कॉमर्सवाल्यांना सांगायला नको. एक पान दोनदा आलं आणि एक गळलं तरी बेरीज जुळते. म्हणून पहिलं, शेवटचं आणि मधली चार-पाच पानं डोळ्यांनी पाहायचीच.

जागेचं म्हणाल, तर फॅक्सच्या पद्धतीने दाबलेली काळ्या-पांढऱ्या पानांची टिफ त्याच पानांच्या जेपेगपेक्षा बहुधा लहानच भरते. मग ती उडवून वाचवलं काय? त्या सीडींच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या घरी ठेवा.

त्या 31 वह्या आता पुन्हा उतरवल्या जात आहेत. चार वह्या मोडीत आहेत. मोडी वाचणारं कोणी रविवारी सकाळी दोन तास देऊ शकत असेल, तर खाली लिहा. पानांचा क्रम तपासायचा आहे.